कोबारची पाळी

बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी पोर्ट पिरीला नेव्हिल पास्कोला फोन लावला. तो बाबांच्या 'साउथ शाफ्ट' या बँडचा गायक. पन्नास वर्षांत त्या दोघांत एक शब्दही झाला नव्हता. शुक्रवारी अंत्यविधी होता; तिथं नेव्हिलनं 'साउथ शाफ्ट'चं एक तरी गाणं म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

बँडमधले चौघंही ब्रोकन हिलच्या खाणीत कामाला. बाबा ड्रम वाजवत. एकाहत्तरपासून तीन वर्षं दर शनिवारी आसपासच्या गावांतल्या सभागृहांत त्यांचा कार्यक्रम असे. बायका घरून केक आणायच्या, म्हातारी मंडळी मधेच वॉल्ट्झची फर्माईश करायची, आणि ती पुरी केल्याशिवाय रॉक वाजवू द्यायची नाहीत.

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये सिडनीच्या रेकॉर्ड कंपनीचा एक माणूस कोबारला बँड ऐकायला येणार होता. यांची पाळी शेवटची, सात वाजता. साडेचारशे किलोमीटर व्हॅन बाबांनी चालवली आणि पावणेसातला खुशीत दारात उभी केली. पण आमचं ब्रोकन हिल सिडनीच्या राज्यात असलं तरी घड्याळ ॲडलेडचं, अर्धा तास मागचं, पाळतं. कोबारात सव्वासात झाले होते. तो माणूस निघून गेला होता.

महिन्याभरात नेव्हिलनं गाव सोडलं. बँड तिथंच संपला. चूक क्लेम ट्रेव्होरोची, म्हणजे बाबांची, असं सगळे म्हणत. बाबाही तसंच म्हणत.

"क्लेमची पोरगी का तू?" नेव्हिलनं फोनवर विचारलं.

"हो. बाबा गेले."



"निदान वेळेवर गेला का?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा चार महिने उशिरा."

तो हसला, मग खोकला. मी गाण्याचं विचारलं.

"माझा आवाज आता करपलेली कढई घासल्यासारखा येतो गं."

"तेव्हाही तसाच यायचा, असं बाबा सांगायचे."

"हलकट मेला!" तो म्हणाला. मग हळूच बोलला, "पोरी, व्हॅनमध्ये आम्ही चौघं होतो. चौघांच्याही मनगटावर घड्याळं होती. माझं तर कोरं करकरीत. मी दोनदा बघितलं आणि मीच म्हणालो, क्लेम, सावकाश घे, वेळ आहे भरपूर."

"बाबा हे कधी बोलले नाहीत."

"नाहीच बोलणार तो. म्हणून तर मला फोन करवला नाही."

शुक्रवारी तो आला. बायकोच्या दंडाचा आधार घेत चर्चच्या पायऱ्या चढला. बाबांच्या शवपेटीशेजारी उभं राहून त्यानं ती गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली, अगदी मला सांगितली होती तशी. कुणी हसलं नाही. गिटारवाल्या रेक्सनं, चौघांपैकी नेव्हिलखेरीज आता उरलेल्या एकट्यानं, तारा छेडल्या.

दुसऱ्या कडव्यात नेव्हिलचा आवाज फाटला. रेक्स त्याच्याकडे न बघता वाजवत राहिला. नेव्हिलनं रुमालानं तोंड पुसलं, श्वास घेतला आणि तेच कडवं पुन्हा सुरुवातीपासून धरलं.