हिरव्या ठिपक्यांची फळी

मित्रांनो, शिरपूरजवळच्या एका गावच्या चावडीत भिंतीला टेकून उभी असलेली मी एक जुनी फळी आहे. आज माझ्यावर धूळ आहे, पण माझा रुबाब तुम्ही पाहायला हवा होता! सागाची जात माझी. शेजारच्या कॅलेंडरासारखी दरवर्षी रद्दीत जाणारी मी नव्हे.

१९८८ साली जिल्ह्याहून मोतीलाल साहेब आले. त्यांनी माझ्यावर गावातलं घर न् घर रंगवलं. म्हाताऱ्यांना लाल ठिपका, लहान लेकरांना पिवळा आणि कामाच्या वयाला आलेल्या पोरापोरींना हिरवा. असे नकाशे गावोगाव झाले. जिथे हिरवं दाट, तिथे हाताचं काम शिकवणारी शाळा निघणार होती.

"ही पोरं आत्ता शिकली तर मुलूख वर येईल, नाहीतर पांगतील," साहेब म्हणायचे.

कोतवाल जीवरामने मला डोक्यावर घेऊन दारोदार फिरवलं. तिथेच घात झाला. आमच्याकडे आई आपली लेकरं मोजून सांगत नाही, नजर लागते म्हणतात. द्रौपदाबाईंचे मुलगे दोन, भिकन आणि निंबा. साहेब येताना दिसताच त्यांनी निंबाला कपाशीत पिटाळलं.

"मुलगे किती, अक्का?"

"एकच शे, भाऊ."

"काल तर गाडीवर दोघं दिसले!"

"मग बैलबी मोजी टाक!"

गल्ली हसली. ठिपका एकच पडला. घरोघरी हेच झालं. मी विरळ राहिले आणि शाळा दुसऱ्या गावाला गेली.

पोरं सुरतेला कपड्याच्या मागांवर गेली. निंबाला तिथल्या मशीनने ओढलं. गावात फक्त त्याचा सदरा आला.

तेव्हापासून दिवेलागणीला माझ्यावरच्या कोऱ्या जागा हलतात. ज्यांना मोजलंच नाही आणि जे परत आलेच नाहीत, ते येऊन आपलं घर शोधतात.

काही वर्षांनी नवे साहेब मोजणीला, माझ्यावर पुन्हा ठिपके द्यायला आले. द्रौपदाबाई आपणहून चावडीत आल्या.

"लिख भाऊ. मना दोन पोरे."

"दुसरा कुठे असतो?"

"सुरतले मरी गया."

"मेलेल्याला ठिपका देत नाहीत, अक्का."

"जिता व्हता तव्हय दिधा नही. आते दे."

साहेबांनी ब्रश हिरव्या रंगात बुडवला.

मित्रांनो, तुमच्या दारी कुणी मोजायला आलं तर घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलवा. नाव सांगा, वय सांगा. रोज संध्याकाळी आणखी कुणाला त्याचं घर दाखवायचं काम माझ्यामागे लावू नका.