फोटोपुरती बाजूला ठेवलेली गादी

मी गादी बोलतेय. लोळायची नाही हं, आणि पाहुण्यांसमोर मांडायची तर मुळीच नाही. चाकांच्या खुर्चीतली, काळ्या रबराची, अंगभर फुग्यांच्या रांगा असलेली. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ताईची धाकटी बहीण म्हणाली होती, "ताई, ही गादी आहे की अंड्यांचा ट्रे?" मी मनाला लावून घेतलं नाही. रूप नव्हतंच, म्हणून तर सरळ कामाला लागले.

शिक्षण म्हणाल तर एवढंच, की कारखान्यात एका बाईने मला पाण्यात दाबून धरलं आणि बुडबुडे येत नाहीत बघून "पास" म्हणाली. तिथून मी थेट ताईकडे आले.

ताई घड्याळं दुरुस्त करते. पंधरा महिन्यांपूर्वी दुकानाच्या माळ्यावरून खोकी काढताना शिडी सरकली आणि तिचा पाठीचा कणा मोडला. कमरेखाली तिला काही कळत नाही. टोचलं तरी नाही, भाजलं तरी नाही.

तुम्ही एका जागी बसलात की दहा मिनिटांत चुळबुळ करता. अंगच तुम्हाला सांगतं, सरका म्हणून. ताईचं अंग तिला सांगत नाही. मग कातडी हाडाखाली दबून राहते आणि आतल्या आत कुजायला लागते. ते होऊ नये म्हणून मी. रोज सकाळी धाकटी माझ्यावर हात ठेवून हवा तपासते. ताईच्या हाडाखाली बोटभर जागा उरलीच पाहिजे. जास्त फुगवलं तर मी दगड, कमी फुगवलं तर पोतेरं. शिवाय दर वीस मिनिटांनी ताई खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देते, स्वतःला माझ्यावरून उचलते, साठ सेकंद मोजते आणि पुन्हा टेकते. घड्याळवालीच ती. एकोणसाठाला कधी टेकली नाही.

आणि गेल्या आठवड्यात, सोमवारी, ती पुन्हा कामावर जाणार होती! दुकानाच्या मालकांनी तिच्या टेबलाचे पाय कापून ते खाली घेतलं होतं, दाराशी उतार केला होता. फोनवर म्हणाले, "ताई, एक म्हातारं घड्याळ तुमच्यासाठी ठेवलंय. मी हात लावला तर जीव सोडेल ते."

"हात लावू नका, फक्त धीर द्या त्याला," ताई म्हणाली. डोळ्याला लावायचं भिंग तिने त्या आठवड्यात इतक्यांदा पुसलं, की मला वाटलं झिजून खिडकीची काच होणार त्याची.

आदल्या दिवशी, रविवारी, दौड होती. 'ताईसाठी धावूया.' तिच्या उपचारांना मदत म्हणून गावातल्या धावणाऱ्यांच्या मंडळाने ठेवलेली. अध्यक्षांच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीकाका म्हणतात. भला माणूस. तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर ताईने तिथल्या तिथे झाडला असता.

मैदानात चारशे माणसं. प्रत्येकाच्या टी-शर्टवर ताईचा चेहरा. काही पोटांवर तर ती चांगली गुबगुबीत दिसत होती म्हणे.

"वीस मिनिटं विसरू नकोस," धाकटी छातीवर नंबर लावता लावता म्हणाली.

"तू पळ गं. दम लागला तर सांग, खुर्ची पाठवते."

धाकटी दहा किलोमीटरला सुटली आणि इकडे शिट्टीकाका आले. "ताई, ही खुर्ची फोटोत फार आजारी दिसते हो. तुम्हाला मंचावरच्या सोफ्यावर बसवतो. एकदम राणीसारखं!"

"पण माझी गादी..."

"अहो, सोफा तिच्यापेक्षा मऊ आहे! फोटोपुरतं तर बसायचंय."

चार धट्टेकट्टे पुढे झाले आणि ताईला सामानासारखं उचलून घेऊन गेले. एकाने खुर्ची मिटली आणि मला काढून मंचामागे ठेवलं. सोफा कसला? वर मखमल आणि खाली फळी. तिला टेकवली तेव्हा ठक्क झालेलं मी मंचामागून ऐकलं. आणि रुंद एवढा, की त्याच्या हातांपर्यंत तिचे हात पोचत नव्हते. आता स्वतःला उचलणार कशावरून?

फोटोपुरतं म्हणता म्हणता भाषण झालं. मग दुसरं झालं. मग येईल तो धावपटू घाम पुसत तिच्या शेजारी बसून फोटो काढायला लागला. वीस मिनिटं गेली, चाळीस गेली. माझा जीव वर-खाली.

आणि मी कुठे? पाण्याच्या खोक्यांशेजारी, जमिनीवर. एक गृहस्थ बुटाची नाडी बांधायला म्हणून माझ्यावर बसले, ते बसलेच. "वा, काय मऊ आहे!" म्हणे. अहो, तुमच्या ढुंगणाला सगळं कळतं! दुखलं असतं तर उठला असता. जिला कळत नाही ती तिकडे फळीवर, आणि तुम्ही इकडे हवेवर!

दोन तासांनी धाकटी आली. धापा टाकत तिने आधी सोफा पाहिला. "गादी कुठाय? काका, गादी कुठाय हिची?"

"अगं, रागावतेस काय? हसतायत बघ ताई!"

दुपारी घरी धाकटीने ताईला कुशीवर वळवलं. बसायच्या हाडावर बाटलीच्या झाकणाएवढा लाल डाग. बोटाने दाबला तरी पांढरा होईना, म्हणजे कातडी आतून दुखावलेली. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. "पालथं झोपायचं. सहा आठवडे तरी. बसायचं नाव काढायचं नाही."

ताईने मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "काम साठलंय हो, ताई. तोवर दुसऱ्या कुणाला बसवावं लागेल."

"बसवा," ताई म्हणाली.

धाकटी मात्र भडकली होती. "तू ओरडली का नाहीस? तोंड तर शाबूत आहे ना तुझं?"

"चारशे माणसं माझ्यासाठी पळत होती गं. त्यात मी काय मागू, गादी? म्हणाले असते, एवढं करतोय तरी हिची कुरकुर आहेच."

चौथ्या दिवशी शिट्टीकाका फोटोची फ्रेम घेऊन आले. मंडळाच्या पत्रकासाठी ताईचे आभाराचे दोन शब्द हवे होते. ताई पालथी, तोंड उशीशी. म्हणाली, "धाकटे, लिही. माझ्यासाठी चारशे माणसं धावली, त्यांचे आभार. मला खुर्चीतून उचलताना एकानेही माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. त्या दोन तासांनी माझा कामाचा पहिला दिवस गेला. कदाचित कामही. फोटोत मी हसतेय, कारण मला काही कळत नव्हतं. तुम्हाला कळायला हवं होतं."

काकांनी कागद घेतला, दोनदा वाचला. कान लाल झाले. "हे... असंच छापू?"

"असंच. आणि त्या फोटोच्या शेजारी."

आज अकरावा दिवस. खुर्ची भिंतीला लावलीय आणि मी तिच्यात रिकामी. तरी धाकटी रोज सकाळी माझी हवा तपासते. पत्रक अजून आलेलं नाही. तुम्ही धावा, जरूर धावा. मला राग धावण्याचा नाही. पण कुणाला जागेवरून उचलायचं असेल तर आधी विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. आणि भेटायला आलात तर टेकायला स्टूल आहे, पलंगाची कड आहे. माझ्यावर बसू नका. ही जागा ताईची आहे.