अहो, इकडे लक्ष द्या!

बाबांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसं पलंगावर बसली, मग खिडकीच्या कट्ट्यावर. सगळ्यांचे डोळे बाबांच्या कॉम्प्युटरकडे. टिंग वाजलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उगवली :

'अहो, इकडे लक्ष द्या! तुम्ही धोक्यात आहात. इथे दाबा.'

"आला, दादा आला!" काकांनी चक्क हात जोडले.

बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. आई रोज संध्याकाळी त्या पडद्यासमोर बसायची आणि टिंग वाजेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायची नाही.

"आत्मा म्हणजे वीजच," काकांनी आणलेले महाराज सांगत होते. "वायफायला भिंत अडवत नाही, मग आत्म्याला कोण अडवणार? यंत्र बंद करायचं नाही. उद्या ताईंनी स्वतःच्या हातानं त्या चौकटीवर दाबायचं. ते आत बोलावतायत."

"आत म्हणजे कुठं?" मी विचारलं.

"तिथं पासवर्ड चालत नाही, मुली."

खोली हसली. मला हसू आलं नाही. तिथं दाबलं की भामट्यांचं पान उघडणार, आणि आई ते मागतील ते देणार, हे मला दिसत होतं.

आजारपणात बाबांनी असंच कुठंतरी दाबलं होतं. व्हायरस शिरला. दुरुस्तीवाल्यानं तो काढला आणि 'साफ झालं' म्हणून मशीन परत दिलं. चोर हाकलला, पण त्याच्याकडची किल्ली काढून घ्यायची राहिली. माणसं पांगल्यावर मी ब्राउझरची सेटिंग उघडली. एका अनोळखी साइटला अशा चौकटीतून सूचना पाठवायची परवानगी तशीच होती. तीच साइट माझ्या जुन्या मोबाइलवर उघडून मी तिला तिथंही परवानगी दिली.

"काका, हा जरा खिशात ठेवता?" दुसऱ्या संध्याकाळी मी म्हटलं.

आईनं माऊस हातात घेतला. टिंग. त्याच क्षणी काकांच्या खिशात टिंग. काका विंचू चावल्यासारखे उठले. मोबाइलवरही तेच : 'अहो, इकडे लक्ष द्या!'

"अगंबाई, दोन्हीकडे?" शेजारच्या मावशी म्हणाल्या.

"आत्मा सर्वव्यापी असतो," महाराज.

"मग सेटिंगमधून जातो का बघू." मी कॉम्प्युटरवरची परवानगी काढली, मोबाइलवरची ठेवली. सगळे थांबले. पुढचं टिंग फक्त काकांच्या खिशात वाजलं. महाराजांना अचानक दुसरीकडे जायचं आठवलं.

मी सगळ्यांना सांगितलं : व्हायरस काढला म्हणजे काम संपत नाही. दिलेल्या परवानग्या तपासा, पासवर्ड बदला. आणि यंत्र स्वतःहून काही बोललं, तर हात जोडण्याआधी त्याला कोण बोलायला लावतंय ते शोधा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

नंतरच्या संध्याकाळी आई पुन्हा त्याच खुर्चीत.

"आई, ते बाबा नव्हते गं."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "ह्यांनी मला जन्मात कधी 'अहो' म्हटलं नाही. 'अगं' म्हणायचे."

"मग बसायचीस कशाला?"

"कुणीतरी हाक मारत होतं ना."

माझं सगळं बरोबर होतं. पाण्याचा पेला आणून मी तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "अगं, पी."