कोपऱ्यातली खोली

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी तातेराव गुरुजींना थंडी वाजून ताप भरला. पित्तनळीतला कॅन्सर काढताना यकृताचाही तुकडा काढावा लागला होता, तरी पाच दिवस सगळं सुरळीत होतं. लवकरच टेंभुर्णीला घरी सोडायचं बोलणंही झालं होतं. आता ऑपरेशनच्या वेळी पोटात बसवलेल्या नळीतून गढूळ पाणी येऊ लागलं आणि त्यांची लेक, भावना, तासातासाला ती नळी बघू लागली.

नळीतलं पाणी तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. जंतू चिवट होता, नेहमीच्या औषधाला दाद न देणारा. लगोलग गुरुजींची खाट वॉर्डातून कोपऱ्यातल्या खोलीत हलवली. दारावर कुणीतरी आधीच कागद डकवला होता : ‘हातमोज्यांशिवाय रुग्णास शिवू नये.’

आत जाता जाता गुरुजींनी तो वाचला.

नर्स नवीन औषधाची सुई घेऊन आली, तर त्यांनी हात पांघरुणात ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

“बाबा, असं काय करून राह्यलात?”

“माझ्या बापाला शाळेच्या ओट्याखाली बसवायचे, भावना. म्या तीस वर्सं त्याच ओट्यावर उभं राहून शिकवलं. आन् आता मरतावेळी पुन्हा शिवू नका?”

ताप एकशे तीनवर गेलेला, औषधाची वेळ टळून चाललेली. भावना धावतच खाली गेली आणि बाहेर बसलेल्या पेशंटांच्या मधून वाट काढत डॉक्टर अर्पितांच्या खोलीत शिरली. ऑपरेशन त्यांनीच केलं होतं.

“मॅडम, बाबा सुई लावू देईनात. दारावर ‘शिवू नये’ असा कागद लावलाय, तो त्यांनी वाचला.”

डॉक्टर तशाच उठून वर आल्या. गाऊन, हातमोजे चढवून खाटेशी स्टूल ओढून बसल्या आणि गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला.

“गुरुजी, हा जंतू तुम्ही नाही आणलात. तो आमच्या दवाखान्यातला आहे, इथंच तुम्हाला लागला. दोष आमचा. पण वॉर्डात चार जणांच्या पोटाचे टाके अजून ओले आहेत. आमच्या हातांवरून तो त्यांच्यापर्यंत जाऊ नये, म्हणून ही खोली.”

गुरुजी कूस न वळवता म्हणाले, “मंग तसं लिव्हा की. मास्तरला समजंल असं.”

“तुम्हीच सांगा.”

थंडीने दात वाजत असतानाच त्यांनी मजकूर सांगितला : ‘इतर रुग्णांच्या काळजीसाठी, आत येताना व बाहेर जाताना हात धुवावेत. हातमोजे घालावेत.’ डॉक्टरांनी तो लिहून घेतला, जुना कागद फाडून टाकला. तेव्हा कुठे पांघरुणातून हात बाहेर आला.

पुढचे तीन दिवस भावनाने जीव मुठीत धरून काढले. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. चौथ्या सकाळी अठ्ठ्याण्णव भरला आणि दिवसभर तिथंच टिकला. तिने शहरातच मस्तगडला मावशीकडे उतरलेल्या आईला, चांगुणाबाईला, फोन लावला.

“नळी काढली का गं?” आईने विचारलं.

“न्हाई अजून. पण पाणी साफ येऊन राह्यलंय, आई,” एवढं म्हणून भावनाने फोन ठेवला आणि खोलीत शिरण्याआधी हात धुतले.