जाणकाराच्या हातचा ढीग

सासऱ्यांच्या बुटांच्या दुकानाचा एक नियम होता: नवा बूट गिऱ्हाइकाला विकायच्या आधी घरच्यांनी तो घालून दिवसभर चालायचं. म्हणून थंडी सरली, गवताला कोवळी पाती फुटली, की अख्खं घर गावाबाहेरच्या ओसाड पठारावर. यंदा जावईबापूंचा उत्साह नुसता उतू चालला होता. सासरे म्हणाले होते, "गुडघे संपले माझे. पठार उतरेपर्यंत ठरवतो, दुकान कोणाच्या हाती द्यायचं ते." कोणाच्या म्हणजे काय! मुलगी एकुलती एक, आणि ती तर गल्ल्यावर बसून लेस विकणारी. जावईबापूंनी मनातल्या मनात पाटीसुद्धा रंगवून टाकली होती.

पठारावर वाट अशी नव्हतीच. खुणेसाठी रचलेले दगडांचे ढीग बघत जायचं आणि जाता जाता प्रत्येकावर एक दगड ठेवायचा, एवढीच रीत. जावईबापूंचं एका दगडात कसलं भागतंय! जिथून दरी झकास दिसे तिथे हे वाट सोडून पळत, स्वतःचा वेगळा ढीग रचत आणि त्याला टेकून बिस्किटं खात.

"अहो, वाट तिकडे आहे," बायको म्हणाली.

"तू फोटो काढ."

दुपारी ढग उतरला. चार हातांवरचं दिसेना. अशा वेळी गप उभं राहावं, एवढी अक्कल मेंढरालाही असते. पण सासऱ्यांसमोर मेंढरू कोण होणार?

"बाबा, माझ्या मागे या! एक ढीग गाठायचा, मग दुसरा. सोप्पं!"

"अहो, हा तुमचाच—"

"तू गप गं."

बरंच चालून झाल्यावर एका ढिगावर थाप मारून ते म्हणाले, "रचना बघा, बाबा! जाणकार माणसाच्या हातचं काम आहे."

सासऱ्यांनी वाकून दगडांच्या फटीतून काहीतरी ओढलं. बिस्किटांचा रिकामा पुडा. ती बिस्किटं एकट्या जावईबापूंनी खाल्ली होती, कोणाला 'घे' म्हणूनही विचारलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बायकोने फोन काढला. सगळ्या फोटोंत नवराच नवरा भरला होता. पण ह्या ढिगाच्या फोटोत त्याच्या डाव्या खांद्यामागे वाटेवरचा खरा ढीग दिसत होता. "बाबा, ह्या अंगाने," ती म्हणाली. म्हातारा तिच्या मागे निघाला. त्यांच्या मागे जावईबापू.

खाली उतरल्यावर सासऱ्यांनी खिशातून दुकानाची किल्ली काढली आणि लेकीच्या हातावर ठेवली.

जावईबापूंचं तोंड एवढंसं झालं. दुकान त्यांना खरंच हवं होतं हो, अगदी मनापासून. "आणि मी?" त्यांनी विचारलं.

"तुमचा तो फोटो दुकानात लावू," सासरे म्हणाले. "नुसते बूट चांगले असून भागत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेलं बरं."