उर्जाच्या मुठीतला शेणकिडा

मी शेणकिडा. हसलात ना? हसा, मला सवय आहे. तसा मी मातीचा, निळ्या रंगाचा, साच्यातून निघालेला, म्युझियमच्या दुकानात टोपलीत पडलेला. पण घराणं इजिप्तचं, हां! तिथले लोक मानत, शेणाची गोळी ढकलणारा हा किडाच रोज सूर्य वर ढकलतो. माणूस मेला की त्याच्या छातीवर आमच्यातलाच एक ठेवत. का, ते शेवटी सांगतो.

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या नऊ वर्षांच्या उर्जानं मला शाळेच्या सहलीत उचललं. घरी साताऱ्याहून तिचे विलासआजोबा आले होते. त्यांची बायपास झालेली. पोरीला मराठी समजतं, पण तोंडातून येतं जर्मनच. परतीच्या बसमध्ये मात्र ती एकच मराठी वाक्य घोकत होती, "आजोबा, हा तुमचं हृदय सांभाळेल."

घरी येताच तिनं मला त्यांच्या तळहातावर ठेवलं. वाक्य ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात आजोबा खो खो हसले. "अगं, हा तर शेणकिडा! आमच्या गोठ्यात ढिगानं असायचे. आणि तू विकत आणलास?"

मनात काही नव्हतं हो त्यांच्या. पण पोरीनं वाक्य गिळलं आणि मला नेऊन बुटांच्या कपाटात टाकलं. पुढे आजोबांनी काही विचारलं की नुसती मान हलवायची.

आजोबा साताऱ्याला परतल्यावर तिच्या आईनं, देवश्रीनं, त्यांना खरं काय ते सांगितलं. लगेच त्यांचा व्हिडिओ कॉल आला. "बाळा, चुकलं गं माझं. दिवाळीला याल तेव्हा तो किडा घेऊन ये. खिशात ठेवीन."

"इस्ट व्हेक," उर्जा म्हणाली. हरवला म्हणे! अहो, कपाटातून तिनं मला केव्हाच काढलं होतं, मी तिच्या डाव्या मुठीत होतो. तिला अजून थोडं रुसायचं होतं, एवढंच. दिवाळीला तीच देणार होती मला. पण मातीला कुठली वाचा?

दिवाळीच्या आधीच साताऱ्याहून फोन आला. आजोबा गेले.

तेव्हापासून ती मला खाली ठेवतच नाही. शाळेत जॅकेटच्या खिशात मी, वर तिची मूठ.

आता राहिलेलं सांगतो. मेल्यावर पापपुण्य ठरवायला हृदय तराजूत तोलतात, असं ते जुने लोक मानत. त्या वेळी हृदयानं आपल्याच माणसाविरुद्ध साक्ष देऊ नये, म्हणून छातीवर आम्ही. त्या किड्यांवर तसा मंत्र कोरलेला असे, माझ्यावर तर तोही नाही. माझं कोण ऐकणार? तरी या मुठीतून रोज विनवतो, अरे उर्जाच्या हृदया, गप्प राहा रे. हिच्याविरुद्ध बोलू नकोस. नऊच वर्षांची आहे ती.