बिनअपघाताची सहल आणि माझी हट्टी कडी

मित्रांनो, मी एक जुना जेवणाचा डबा आहे. स्टीलचा, तीन कप्प्यांचा, बाजूला कडी असलेला. पिंपळे गुरवच्या भांड्यांच्या दुकानात माझ्यासारखे पुष्कळ होते, पण विजयश्रीबाईंनी मलाच उचललं, कारण माझी कडी घट्ट होती. "यातून डाळ सांडायची नाही," असं त्या म्हणाल्या. दुकानदाराने माझ्या झाकणावर 'ज्ञानदेव' हे नाव कोरून दिलं आणि मी त्यांच्या नवऱ्याचा झालो. कोरताना अंगभर झिणझिण्या आल्या, पण नाव मिळाल्याचा रुबाबही वाटला.

ज्ञानदेव मराठवाड्यातून कामासाठी आलेले. तळवड्याच्या एका लहान कारखान्यात ते प्रेस चालवायचे. पत्रा आत सरकवायचा, वरून प्रेस आदळतो, गाडीचा एक भाग कापून बाहेर. दिवसभर हेच. मला ते भेटायचे जेवणाच्या सुट्टीत. माझी कडी भारी हट्टी, कुणा परक्याला सहजासहजी दाद द्यायची नाही. ज्ञानदेव मात्र उजव्या हाताचा अंगठा झाकणावर रोवायचे, पहिलं बोट कडीखाली घालायचे आणि टक्कन मला उघडायचे. त्या बोटावरचा घट्टा न् घट्टा माझ्या ओळखीचा होता.

सगळे कामगार वर्तमानपत्र पसरून गोल बसायचे. एकाची भाजी दुसऱ्याच्या भाकरीवर जायची. राजगुरुनगरकडचा किसन ज्ञानदेवांना अगदी खेटून बसायचा. "भाऊ, वहिनींचा ठेचा आज माझा हाय बरं का," म्हणत तो माझा वरचा कप्पा परस्पर पळवायचा. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. ठेच्याचं कौतुक झालं की मला ते माझंच वाटे.

त्या कारखान्यात एक बक्षीस होतं. वर्षभरात एकाही अपघाताची नोंद झाली नाही, तर सगळ्यांना बायकामुलांसह थीम पार्कची सहल. ज्ञानदेवांची मुलगी अपेक्षा लहान असताना ते एकदा गेले होते. तिथल्या सगळ्यात मोठ्या पाळण्यापाशी उंची मोजायची खूण होती आणि अपेक्षा तिच्याहून चार बोटं खाली भरली. पोर रडून रडून बेजार झाली. "मोठी हो, मग तुला मीच बसवतो," असा शब्द बापाने दिला. पण त्यानंतर दर वर्षी कुणाला ना कुणाला लागायचं आणि सहल बारगळायची. ज्याला लागलं त्याच्याशी मग बाकीचे महिनाभर तोंड वाकडं करून बोलायचे. मित्रांनो, जखमी माणसावर रुसणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती काही वाईट नव्हती. त्यांनीही घरी पोरांना शब्द दिलेला असायचा.

यंदा वर्ष पुरं होत आलं आणि सहलीचा रविवार ठरला. पण अपेक्षा आता नववीत होती.

"पप्पा, मी काय लहान आहे का?" ती ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. मी तिथेच पालथा पडून ऐकत होतो. "दोन तास उन्हात रांग आणि दोन मिनिटं पाळणा. वर सगळ्यांनी कंपनीचा तो पिवळा टी-शर्ट घालायचा. माझ्या वर्गातलं कुणी भेटलं तर?"

"अगं, पण तुझी उंची आता भरती की."

"उंची भरली, पण हौस गेली ना."

विजयश्रीबाईंचं मत तिच्याच बाजूने पडलं. एकच रविवार मिळतो, तोही बसमध्ये आणि रांगेत घालवायचा, त्यापेक्षा घरी निवांत जेवू. ज्ञानदेव म्हणाले, "बरं बाई, नको तर नको." पण त्या आठवड्यात माझ्यातली चपाती रोज उरायची. माणसाचं मन कशात नाही हे डब्याला आधी कळतं.

मग एका सकाळी अपेक्षाच माझ्यात भाजी भरत होती. कडी लावता लावता ती म्हणाली, "येते मी सहलीला. पण टी-शर्ट घालणार नाही, आणि मोठ्या पाळण्यात तुम्ही माझ्या शेजारी बसायचं."

ज्ञानदेवांनी माझ्या झाकणावर ढोलकीसारखी थाप मारली. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या कडीला डावा हात लागला. तो चाचपडत होता. मी उघडेना. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता आणि फडकं ओलं होतं.

त्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच प्रेस खाली यावा, म्हणजे हात आत राहू नये, अशी ती सोय. पण माल लवकर निघावा म्हणून एका बटणात लाकडाची खुंटी ठोकून ठेवायची, ही तिथली रीत. सगळेच तसं करायचे, आणि सुपरवायझर हिंदुराव दुसरीकडे बघायचे. त्या दिवशी ज्ञानदेवांचं चित्त पार्कात होतं आणि हात प्रेसमध्ये राहिला. दोन बोटांची टोकं चेचली गेली.

हिंदुराव जवळ येऊन हळूच म्हणाले, "बघा राव, नोंद करायची तर करू. तुमचा हक्कच आहे. पण पोरांनी बॅगा भरल्यात सगळ्यांच्या."

ज्ञानदेवांनी गोल बसलेल्या माणसांकडे पाहिलं. सगळे माना खाली घालून जेवत होते, किसनसुद्धा.

"काही झालं नाही मला," ज्ञानदेव म्हणाले.

घरी त्यांनी सांगितलं, गाडीच्या चेनमध्ये बोट गेलं. विजयश्रीबाईंनी हळद भरली. "दवाखान्यात जा," असं अपेक्षा रोज म्हणायची आणि "जाऊन आलो" असं ते रोज खोटं बोलायचे, कारण दवाखान्यात गेलं की कुठे लागलं ते सांगावं लागलं असतं. रविवार येईपर्यंत त्या फडक्याला वास येऊ लागला होता. मला ओरडता आलं असतं, तर मी झाकण आपटून आपटून ओरडलो असतो.

सहलीच्या दिवशी बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही म्हणून मला गेटवरच ठेवून घेतलं. पुढचं मी अपेक्षाच्या तोंडून ऐकलं, पेज घेऊन तिच्यासोबत दवाखान्यात गेलो तेव्हा. ती घरीच थांबलेल्या आईला सांगत होती. दोन तास रांग लावून ते मोठ्या पाळण्यात बसले. छातीवर आडवा दांडा आला. तो दोन्ही हातांनी घट्ट धरा, असं तिथला माणूस म्हणाला. वडील धरेनात, म्हणून हिनेच लाडाने त्यांचा हात उचलून दांड्यावर दाबला. पाळणा हलायच्या आधीच ते किंचाळले. फडकं सुटलं आणि काळी पडलेली बोटं तिला दिसली. दोघं खाली उतरली आणि तो पाळणा त्यांनी रिकामाच पुढे जाऊ दिला.

दोन बोटं मुळापासून काढावी लागली. त्याच दिवशी आले असते तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या कडीखाली जाणारं ते पहिलं बोट त्यातच गेलं.

"मला खरं का नाही सांगितलंत?" अपेक्षाने विचारलं.

"तू हो म्हणली होतीस ना, लेकी."

ती रडली नाही. ओढणीच्या टोकाने माझं झाकण पुसत राहिली. स्वच्छच होतं ते, तरी पुसत राहिली.

ज्ञानदेव कामावर परतले, पण प्रेसवर नाही, पॅकिंगला. कारखान्याच्या नोंदीत त्यांना काहीच झालं नव्हतं. माझी कडी त्यांच्याने उघडेना. मग रोज किसन मुकाट्याने मला ओढून घ्यायचा, उघडायचा आणि त्यांच्यासमोर मांडायचा. ठेच्यावर हक्क सांगणं त्याने सोडून दिलं होतं.

वर्ष फिरलं. पुन्हा सहल जवळ आली, आणि किसनचा अंगठा प्रेसमध्ये सापडला.

"काय न्हाई, काय न्हाई," म्हणत त्याने खिशातला रुमाल गुंडाळला. "भाऊ, गप ऱ्हावा. माझ्या पोराला शबूद दिलाय."

ज्ञानदेव गप्प राहिले नाहीत. त्यांनी किसनचा दुसरा हात धरला आणि त्याला ओढतच ऑफिसात नेलं. "लिहा," ते म्हणाले. "प्रेसवर लागलं असं लिहा. त्या खुंटीचंही लिहा." हिंदुरावांना लिहावं लागलं. किसनवर तासाभरात उपचार झाले आणि त्याचा अंगठा वाचला. सहल रद्द झाली.

दुसऱ्या दिवशीपासून वर्तमानपत्राचा गोल ज्ञानदेवांच्या जागेवर येऊन मिटला. ते कोपऱ्यात एकटे बसू लागले. किसन नव्हता तोवर घरून माझी कडी सैलच ठेवायचे. आठवड्याने तो पट्टी बांधून कामावर आला, त्या दिवशी कडी पुन्हा घट्ट लावलेली होती. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि गोलात जाऊन बसला. ज्ञानदेवांनी तीन बोटांनी माझी कडी ओढून पाहिली, दातांनी ओढून पाहिली. मग मला तसंच पिशवीत ठेवलं. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या घट्ट कडीचा फार राग आला. जिच्यासाठी मला निवडलं, तिनेच माझ्या माणसाला उपाशी ठेवलं.

संध्याकाळी अपेक्षाने मला पिशवीतून काढलं आणि हातात जड लागल्यावर ती थांबली. "जेवला नाहीत?"

ज्ञानदेवांनी सगळं सांगितलं. "माझ्यामुळं सगळ्यांच्या लेकरांची सहल गेली," ते म्हणाले.

"जाऊ दे गेली तर. किसनकाकांचा अंगठा आहे ना?" तिने अंगठा रोवला, बोट कडीखाली घातलं, अगदी त्यांच्यासारखं, आणि मला उघडलं. भाजी आंबली होती. ती बाजूला करून दोघांनी कोरडी चपाती आणि ठेचा खाल्ला.

मित्रांनो, पार्क वाईट होतं असं मी म्हणत नाही. मी तर गेटच्या आतसुद्धा गेलो नाही. पण तुमच्याही घरी रोज संध्याकाळी एखादा डबा परत येत असेल. तो बेसिनमध्ये टाकायची घाई करू नका. ज्या हाताने तो आणला, तो हात आधी आपल्या हातात घ्या, आणि बोटं मोजा.